आवाज फुटतो म्हणजे काय?

दहा वर्षांच्या मुलामुलींचे आवाज जवळजवळ सारखेच असतात. बोलताना त्यांचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २५० वेळा कंप पावतात. वयात येताना मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींचा थोडासाच उतरतो. म्हणून प्रौढ पुरुषाची कंपने सुमारे १२०, तर स्त्रीची २०० च्या आसपास असतात. म्हातारपणी पुरुषाचे स्वरतंतू पातळ होऊन आवाज बहुधा चढतो, स्त्रीचा उतरतो.

आवाज फुटलेला मुलगा गाऊ लागला की वर्ग हसतो. तो गाणेच सोडतो. असे मित्र मी पाहिले आहेत. मित्रहो, आवाज मडक्यासारखा फुटत नाही, पालवीसारखा फुटतो!