घोरणं की धाप?

आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय 5, श्लोक 18



विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने बाहेर ठेवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी समदृष्टीने पाहतो, असं भगवंत इथे सांगतात. श्लोक शाळेपासून पाठ होता. पण त्यातला कुत्रा मला कळला तो आमच्या मोदकमुळे. मोदक म्हणजे आमचा पग.

राजारामपुरीतल्या आमच्या घरात तो रात्रभर घोरायचा आणि आम्ही हसायचो. मी तर त्याचं रीलही टाकलं होतं. आजी तेवढी हसायची नाही. तिला दमा आहे. ती म्हणायची, "अगं, ते घोरणं न्हवं. दम लागतोय त्याला."

मागच्या मे महिन्यात दुपारी चारला मी त्याला फिरायला नेलं. गल्लीच्या कोपऱ्यावर तो बसलाच. जीभ निळसर पडली. रिक्षाने दवाखाना गाठला, ऑक्सिजन लावला, म्हणून वाचला.

डॉक्टरांनी समजावलं: कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. पगच्या नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मागचा मऊ भाग लांब, त्यामुळे हवेची वाट अडते. हे चपटं नाक माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून घडवलंय, गोंडस दिसतं म्हणून. 2003 साली हचच्या जाहिरातीत पग दिसला आणि आपल्याकडेही तो घरोघरी हवासा झाला. आमच्याही.

आजीची धाप आम्हाला आजार वाटत होती आणि मोदकची गंमत. श्लोक ज्या भेदाबद्दल बोलतो तो हाच. माझं त्याच्यावर प्रेम होतं, पण माझं लक्ष त्याच्या चेहऱ्यावर होतं, श्वासावर नव्हतं.

आता फिरणं पहाटेच. गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घातलाय. कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट सांगत बाबा त्याला तूप-चपाती भरवायचे, तीही बंद. वजन वाढलं की श्वास आणखी अडतो! नाकपुड्या रुंद करायच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवतेय. रील काढून टाकलं.

आजचा अभ्यास: ज्याच्या त्रासाला आपण गंमत समजून हसतो, असा एक जीव आज शोधा. दोन मिनिटं त्याच्याजवळ शांत बसा आणि त्याचा श्वास ऐका.

रामकृष्ण हरी!