बोटीवरचं नाव आणि आतली बोट

गेल्या वर्षी आम्ही नळदुर्गच्या किल्ल्यात मोटारबोटीत बसलो. मध्येच इंजिन बंद! मी स्टिकर वाचला, कंपनी नामांकित. वल्हं हातात घेत नावाडी म्हणाला, "पोरांनो, नाव मोठं हाय, पण पार्ट यायला पंधरा दिवस लागतात."

तेव्हा कळलं, बोट पारखणं हा वेगळाच विषय आहे.

१) बोटीचा सांगाडा आणि इंजिन बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात. दोन्ही स्वतंत्र तपासा.

२) नाव टिकतं, मालक बदलतो. इव्हिनरूड आणि जॉन्सन ही गाजलेली इंजिनं बनवणारी ओएमसी कंपनी २००० साली दिवाळखोरीत गेली. दोन्ही नावं बॉम्बार्डियरने घेतली. २०२० मध्ये इव्हिनरूडचं उत्पादनच थांबलं. जुनी कीर्ती नव्या मशीनला आपोआप लागू होत नाही.

३) कीर्तीला पुरावा हवा. बोस्टन व्हेलरने १९६१ मध्ये बोट करवतीने मधोमध कापून दाखवली. पोटात फोम भरलेला असल्याने ती बुडाली नाही.

४) स्वतः बघा. फायबरवर टकटक करा. आवाज भद्द आला तर आतले थर सुटले असण्याची शंका घ्या. इंजिन लटकतं ती मागची फळी दाबून हलते का पाहा. इंजिन चालू असताना कूलिंगच्या पाण्याची धार नीट पडायला हवी.

५) शेवटी विचारा, पार्ट कुठे मिळतो? मेकॅनिक किती लांब?

विहिरीवरची मोटार घेताना आमचे वडील हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतात. इंजिनिअरिंग न शिकता!