घारापुरी : लेण्यांमागचे गाव

मुंबईच्या गेटवेपाशी उभे राहून पूर्वेकडे पाहा. आभाळ स्वच्छ असले, तर समुद्रात दोन हिरवे डोंगर दिसतात. तेच घारापुरी बेट. आपण नवी मुंबईकडची माणसे न्हाव्याच्या किनाऱ्यावर गेलो, तर हेच बेट आपल्याला मावळतीच्या बाजूला दिसते. इंग्रज लोक त्याला एलिफंटा म्हणत. कागदोपत्री ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते.

देशोदेशीची माणसे या बेटावर येतात. लाँचमधून उतरतात, पायऱ्या चढतात, लेणी पाहतात आणि दिवस मावळायच्या आत परत जातात. या बेटावर गाव आहे, तिथे चुली पेटतात, मुले शाळेत जातात, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. म्हणून या पाठात आपण लेण्यांकडे थोडे आणि गावाकडे जास्त पाहू.

बेट कसे आहे?

बेटाची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. मध्ये एक अरुंद घळ आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन डोंगर. डोंगरांवर झाडी आहे, माकडे आहेत. किनाऱ्याला चिखल आणि तिवरांचे रान आहे. ओहोटी लागली की चिखलाची पट्टी उघडी पडते आणि बेट मोठे दिसू लागते. भरती आली की ते पुन्हा लहान होते.

बेटावर तीन वस्त्या आहेत : शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर. तिन्ही मिळून एकच घारापुरी ग्रामपंचायत. माणसे सगळी हजार-बाराशे. वस्त्यांच्या नावांत ‘बंदर’ आहे, यावरूनच समजते की इथे येण्याजाण्याची वाट फार जुन्या काळापासून पाण्यातूनच आहे.

लेणी आणि हत्ती

डोंगरातला काळा खडक कोरून ही लेणी केली आहेत. ती सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीची असावीत, असे जाणते लोक मानतात. मोठ्या लेण्यात शिवाची तीन मुखांची भव्य मूर्ती आहे. तिची उंची वीस फुटांच्या आसपास भरते. १९८७ साली युनेस्को या जागतिक संस्थेने या लेण्यांना जगाचा वारसा म्हणून मान दिला.

आता हत्तीची गोष्ट. राजबंदराच्या बाजूला दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी तो हत्ती पाहिला आणि बेटालाच हत्तीचे नाव दिले. पुढे इंग्रजांच्या अमलात, १८६४ साली, तो उचलून विलायतेला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि फुटला. त्याचे तुकडे मुंबईला नेले व मागाहून जोडले. आज तो हत्ती भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. बेटाकडे हत्तीचे नुसते नाव उरले!

पोटापाण्याचे साधन

पूर्वी इथली माणसे भात पिकवत, मासळी धरत आणि होड्यांची डागडुजी करत. अजूनही काही घरांत ही कामे चालतात. पण आता पुष्कळ घरांची चूल पाहुण्यांवर पेटते. कोणी पायऱ्यांच्या कडेला दुकान मांडते. कोणी खाणावळ चालवते. कोणी वाटाड्या होते. म्हाताऱ्या माणसांना डोलीत बसवून वर नेण्याचेही काम आहे. पायऱ्या सुमारे १२० आहेत. खांद्यावर माणूस घेऊन त्या चढणे किती कष्टाचे, हे चढणाऱ्यालाच ठाऊक.

या धंद्याला दोन अडचणी आहेत. सोमवारी लेणी बंद असतात. त्या दिवशी पाहुणे नाहीत, म्हणून विक्री नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद राहतात. मग हातात पैसा येत नाही. म्हणून जे घर भात, मासळी आणि दुकान अशी दोन-तीन साधने धरून असते, ते पावसाळा नीट काढते.

लेण्यांमुळे गावाला काही बंधनेही आली आहेत. राष्ट्रीय महत्त्वाच्या प्राचीन वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी काढावी लागते. हा देशभरचा कायदा आहे. तो वास्तूच्या रक्षणासाठी आहे. पण घर वाढवू पाहणाऱ्या माणसाने तो आधी वाचून घेतला पाहिजे. भिंत उभी राहिल्यावर कायदा वाचून उपयोग काय?

उजेड कसा आला?

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण सारे जाणतो. घारापुरीच्या माणसांनी ती पुष्कळ वर्षे डोळ्यांनी पाहिली. रात्री एका बाजूला मुंबईचे दिवे दिसत. दुसऱ्या बाजूला न्हावाशेवा बंदराचे दिवे दिसत. ते बंदर १९८९ साली सुरू झाले. मधल्या बेटावर मात्र काळोख. संध्याकाळी काही तास जनरेटर चाले, तेवढाच उजेड. तो बंद झाला की कंदील. विजेच्या तारा समुद्रावरून नेणे सोपे नव्हते, आणि घरे थोडी म्हणून खर्चाचे धाडस होत नव्हते.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. घारापुरीला कायमची वीज मिळाली ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी. मध्ये सत्तर वर्षे गेली. न्हाव्याच्या किनाऱ्यापासून समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकली गेली. हे काम महावितरण कंपनीने केले. खर्च सुमारे २५ कोटी रुपये आला. तिन्ही वस्त्यांना रोहित्रे बसली, म्हणजे आपण ज्याला ट्रान्सफॉर्मर किंवा डीपी म्हणतो ती. सुमारे २०० घरांना मीटर मिळाले.

आता हिशेब मांडू. २५ कोटींना २०० ने भागा. उत्तर येते साडेबारा लाख. म्हणजे एका घराला वीज द्यायला साडेबारा लाख रुपये पडले. कोणी म्हणेल, “अहो, एवढ्यात मुंबईच्या बाजूला किती घरांना वीज दिली असती!” बोलणे वरवर बरोबर वाटते. पण पोस्टकार्डाची गोष्ट आठवा. पत्र शेजारच्या गावाला धाडा, नाही तर हजार कोसांवरच्या डोंगरात धाडा, पैसे तेवढेच पडतात. डोंगरातल्या माणसाकडून कोणी जास्त मागत नाही. जवळच्या आणि दूरच्या पत्रांचा खर्च टपाल खाते एकत्र सोसते. देश म्हणजे असाच एकत्र चाललेला कारभार आहे. दर घराचा खर्च पाहून वीज, शाळा आणि दवाखाना द्यायचा ठरवले, तर लहान गावाची पाळी कधीच येणार नाही.

दुसरेही असे, की ही केबल एका वर्षासाठी टाकलेली नाही. आज रांगणारे पोर उद्या त्याच उजेडात अभ्यास करील.

वीज आली की बिलही आले. ते वाचता आले पाहिजे. मीटरचा आजचा आकडा घ्या. त्यातून मागचा आकडा वजा करा. जे उरेल ते तुमचे युनिट. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे यंत्र एक तास चालणे. दहा वॅटचा दिवा रोज पाच तास जाळला, तर महिन्याला दीड युनिट होते. पंचाहत्तर वॅटचा पंखा रोज आठ तास फिरवला, तर महिन्याला अठरा युनिट होतात. म्हणजे दिव्यापेक्षा पंखा बारापट वीज खातो. माणूस निघून गेल्यावरही पंखा फिरतच असतो, तो बिल वाढवतो.

पाणी : छपराचा हिशेब

चहूकडे समुद्र, पण पाणी खारट. पिण्याला ते चालत नाही. गोडे पाणी आभाळातूनच यायचे. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. पण डोंगर उताराचे. पाणी धावत सुटते आणि समुद्राला मिळते. बेटावर पाणी अडवणारे धरण आहे, विहिरी आहेत. तरी उन्हाळ्यात पाण्याची ओढ लागते.

लेणी खोदणाऱ्यांनाही ही अडचण होती. त्यांनी काय केले? खडकातच टाके खोदले आणि पावसाचे पाणी साठवले. ते टाके मोठ्या लेण्यापाशी आजही पाहायला मिळते. मूर्ती पाहणाऱ्या माणसाने ते टाकेही पाहावे. मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांना बाराही महिने पाणी लागतच होते.

आपल्या घराचा हिशेब असाच करता येतो. हे सूत्र पाठ करा : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. छप्पर तीस चौरस मीटरचे असेल आणि पाऊस दोन हजार मिलिमीटर झाला, तर साठ हजार लिटर पाणी होते. त्यातले काही सांडेल, काही उडेल. चौथा हिस्सा वाया गेला असे धरा. तरी पंचेचाळीस हजार लिटर उरते.

आता गरज पाहा. घरात पाच माणसे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी आठ लिटर धरले, तर रोज चाळीस लिटर लागतात. कोरडे महिने आठ, म्हणजे सुमारे २४० दिवस. चाळीस गुणिले २४० म्हणजे ९,६०० लिटर. दहा हजार लिटरची टाकी एवढ्याला पुरते. ही टाकी अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असावी लागते. आंघोळ, धुणे आणि गुरे यांना विहिरीचे पाणी लागेलच. पण पिण्याच्या पाण्याची चिंता त्या घराला राहणार नाही.

चार गोष्टी मात्र विसरू नका. पावसाआधी छप्पर व पन्हळ झाडून घ्या. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी टाकीत घेऊ नका, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकीला झाकण व बारीक जाळी लावा, नाही तर तीत डास होतील. आणि पिण्याचे पाणी उकळून घ्या.

समुद्राची वाट

घारापुरीच्या माणसाला गावाबाहेर पडायचे तर पाण्यावरूनच जावे लागते. वरच्या शाळेला लाँच, मोठ्या दुखण्याला लाँच, बाजाराला लाँच. गेटवेपासून बेटापर्यंत सुमारे तास लागतो. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा असा अटल सेतू सुरू झाला. तो बेटाच्या उत्तरेकडून जातो. त्यावरची मोटार काही मिनिटांत खाडी ओलांडते. बेटाला मात्र त्या पुलावरून उतरायला वाट नाही. रात्री बाळंतीण अडली, तर वारा आणि भरती-ओहोटी पाहूनच निघावे लागते. म्हणून बाळंतपणाच्या तारखा, सापाचा दंश, तापाची साथ यांचा विचार बेटावरच्या घराने इतरांहून आधी करायचा असतो.

पाण्याच्या वाटेवर शिस्त हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. दहाहून अधिक माणसे दगावली. पोहता येणारा माणूसही अशा वेळी दमतो, घाबरतो. म्हणून लाँचमध्ये बसताच अंगात जीवरक्षक जाकीट घालावे आणि त्याचे पट्टे आवळावेत. लाँच भरली असेल तर पुढच्या लाँचची वाट पाहावी. “आम्ही समुद्रातलीच माणसे, आम्हांला काय होते?” असे म्हणू नये.

आपल्या गावाचा कागद

घारापुरीची लेणी किती जुनी, मूर्ती किती उंच, हे शेकडो पुस्तकांत लिहिले आहे. पण राजबंदरची विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, किती मुले शिकायला लाँचने जातात, पावसाळ्यात किती दिवस लाँच बंद राहतात, हे पाहुणा लिहून ठेवणार नाही. तो संध्याकाळी परत जातो. हे गावच्या माणसाने लिहायचे.

आणि हे केवळ घारापुरीचे नाही. तुमच्या गावात लेणी नसतील, पाहुणे येत नसतील, पण विहीर आहे, शाळा आहे, दिवे आहेत. तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. एक वही घ्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विहिरीचे पाणी दोरीने मोजून लिहा. वीज किती दिवस गेली ते लिहा. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला किती वेळ लागला ते लिहा. वर्षाने ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा. “पाणी कमी पडते हो!” असे नुसते बोलले, तर ऐकणारा मान हलवतो आणि विसरतो. “१ मार्चला विहिरीत चार हात पाणी होते, १ मेला एक हातही नव्हते,” असे वाचून दाखवले, तर त्याला उत्तर द्यावे लागते. तोच कागद अर्जाला जोडता येतो.

विचारा आणि सांगा

१. घारापुरीला कायमची वीज कोणत्या साली मिळाली? एवढा उशीर का झाला?

२. एका घरामागे साडेबारा लाख रुपये खर्च करणे योग्य होते का? वर्गात दोन्ही बाजूंनी बोला.

३. तुमच्या घराच्या छपराची लांबी व रुंदी मोजा. दोन हजार मिलिमीटर पावसात त्यावर किती लिटर पाणी पडेल ते काढा.

४. तुमच्या मीटरचा आजचा आकडा वहीत लिहा. आठ दिवसांनी पुन्हा लिहा. किती युनिट झाले?

५. तुमच्या गावाविषयी पाहुण्याला ठाऊक नसलेल्या पाच गोष्टी लिहा.