झोपलाय की पडलाय?

प्रश्न : मी लातूरला खासगी नोकरी करतो, गाव अहमदपूर तालुक्यात. सुट्टीला मोटारसायकलवर गावी जातो. गेल्या मे महिन्यात भर दुपारी, चाकूर सोडल्यावर, रस्त्याच्या कडेला लिंबाखाली एक माणूस आडवा दिसला. एक पाय उन्हात, चप्पल लांब पडलेली. मी गाडी हळू केली. वाटलं, पिऊन पडला असेल, नाहीतर मजूर झोपला असेल. तसाच पुढं गेलो. त्याचं पुढं काय झालं कळलं नाही, पण ते डोक्यातून जात नाही. अशा वेळी 108 ला फोन करावा का? उगीच केला तर खऱ्या रुग्णाची गाडी अडवल्यासारखं होणार नाही का? आणि पोलिसांचं झेंगट मागं लागलं तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : फोन करावा. मात्र त्याआधी अर्ध्या मिनिटाचं एक काम आहे : थांबून हाक मारायची. चालत्या गाडीवरून पाहून झोपलेला कोण आणि बेशुद्ध कोण, हे डॉक्टरलाही सांगता येणार नाही. गाडी कडेला लावायची आणि दोन हात लांब राहून मोठ्यानं विचारायचं, “ओ मामा, काय व्हायलंय? बरं हाय का?” झोपलेला माणूस डोळे किलकिले करतो, कूस बदलतो, कधी खेकसतोसुद्धा. खेकसला तर उत्तमच, पाणी हवं का विचारावं आणि निघावं. हाकेला ओ नाही आली तर खांदा हलवून बघायचा, छातीकडं नजर टाकायची. श्वास नीट चाललाय, की घोरल्यासारखा अडकतोय, की बंदच आहे? हाकेला ओ नाही, एवढं एक कारण 108 लावायला पुरेसं आहे. त्याला नेमकं काय झालंय हे ठरवायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

तुमच्या पत्रातलं ‘पिऊन पडला असेल’ हे वाक्य मात्र मला अस्वस्थ करतं, कारण ते आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे आणि त्यापायी वाचणारी माणसं जातात. दारू प्यायल्यासारखी दिसणारी आजारपणं आपल्या भागात किती आहेत ते पाहा. मे महिन्यात नांदेडचा पारा 43-44 अंशांना टेकतो, लातूरही फार मागं नसतं. उष्माघातात शरीराचं तापमान 40 अंशांच्या वर चढतं आणि मेंदू बिघडू लागतो : माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, मग कोसळतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलेल्या माणसाचंही तेच होतं. दरदरून घाम, हातांना कंप, तोंडात बडबड. फिट येऊन गेलेला माणूस पुढची काही मिनिटं गुंगीत पडून राहतो. त्याला कांदा किंवा चप्पल हुंगवून काही साधत नाही. फवारणीच्या दिवसांत तर आणखी जपायला हवं. 2017 च्या पावसाळ्यात नांदेडशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारणाऱ्या अनेक शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून जास्त जणांचा जीव गेला. त्यातल्या काही औषधांच्या विषबाधेत तोंडातून लाळ गळते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या होतात, तोल जातो. लांबून बघणारा म्हणतो, लई झाली वाटतं याला.

आणि मण्यार. हा साप बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश फारसा दुखत नाही, जागेवर सूजही जवळजवळ येत नाही. काही वेळानं पोटात दुखतं, पापण्या जड होऊन मिटू लागतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही. खळ्यावर किंवा उसाच्या फडाजवळ झोपलेला माणूस सकाळी डोळे उघडत नाही, बोलला तर बोबडं बोलतो, आणि सोबतचे समजतात की रात्रीची उतरली नाही. खरं तर विष त्याचे स्नायू लुळे करत चाललेलं असतं, आणि सगळ्यात शेवटी पाळी येते ती श्वासाच्या स्नायूंची. प्रतिसर्पविष आणि कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर असा माणूस वाचू शकतो.

बरं, तो खरोखरच प्यायलेला असला तर? उताणा पडलेला दारूडा ओकला की ओकारी श्वासनलिकेत जाऊन गुदमरतो. पडताना डोक्याला मार लागलेला असतो, आणि तोंडाला वास येतो म्हणून तो मार कुणी तपासत नाही. तेव्हा वास आला तरी फोनचं कारण संपत नाही.

गाडी येईपर्यंत करायचं ते थोडंच आहे, पण नेमकं आहे. श्वास चालू असेल आणि अपघाताची शंका नसेल तर त्याला एका कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली राहू द्या. अंग तापलेलं असेल तर सावलीत घ्या, कपडे सैल करा, गमछा भिजवून मान, काखा, जांघा ओल्या करा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. आपल्याकडं दयेपोटी हीच चूक जास्त होते. श्वास नसेल तर फोन स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरानं दाबत राहा.

आता फोनचं. 108 ही रुग्णवाहिका सेवा 2005 साली हैदराबादेत सुरू झाली. महाराष्ट्रात ती 26 जानेवारी 2014 पासून 937 गाड्यांनिशी उभी राहिली आणि गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरलं. तुम्ही चाकूरजवळून लावलेला फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात वाजतो. तिथल्या माणसाला तुमचा लिंब माहीत नसतो, म्हणून आधी जिल्हा आणि तालुका सांगा, मग रस्ता, मग खूण. “लातूर जिल्हा, चाकूर तालुका, लातूर-नांदेड महामार्ग, चाकूरहून अहमदपूरकडं जाताना डाव्या हाताला, अमुक फाट्याच्या पुढं,” आणि जवळ किलोमीटरचा दगड असेल तर त्यावरचा आकडा. मग माणूस : पुरुष की बाई, अंदाजे वय, शुद्धीवर आहे का, श्वास कसा आहे, रक्त आहे का. समोरच्यानं फोन ठेवल्याशिवाय तुम्ही ठेवू नका, आणि नंतर फोन चालू राहू द्या. गाडीवरचा माणूस वाट विचारायला त्याच नंबरवर फोन करतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या पट्ट्यात मोबाइल कधी शेजारच्या राज्याचा टॉवर पकडतो. तिथं ‘महाराष्ट्र, नांदेड जिल्हा’ हे पहिलं वाक्य असू द्या.

उगीच गाडी अडेल ही तुमची काळजी मला आवडली, तिच्यात दुसऱ्या रुग्णाचा विचार आहे. पण गाडी धाडायची की नाही हे फोन घेणारे ठरवतात. तुम्ही खरं तेवढं सांगा : “माणूस पडलेला आहे, हाकेला बोलत नाही, दारू आहे का माहीत नाही.” गाडी निघाल्यावर तो उठून बसला, तर लगेच पुन्हा फोन करून कळवा. गाडी अडते ती खोडसाळ फोनांनी आणि न थांबता, न बघता ‘कुणीतरी पडलंय’ एवढं सांगून बंद केलेल्या फोनांनी.

आपली माणसं मदतीला मागं सरणारी नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा लातूर, नांदेड, सोलापूरहून ओळखदेख नसलेली माणसं पावसाचिखलात ढिगारे उपसायला धावली. तिथं संकट डोळ्यांसमोर होतं. लिंबाखालच्या एकट्या माणसाचं संकट मात्र धड दिसत नाही, आणि आपण इतरांच्या चेहऱ्याकडं बघतो : कुणीच थांबत नाही, म्हणजे काही नसेल. जॉन डार्ली आणि बिब लताने या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1968 साली हेच तपासलं. शेजारच्या खोलीत एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांतले 85 टक्के मदत मागायला बाहेर पडले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांत तो आकडा 31 टक्क्यांवर आला. म्हणून बसस्टँडवर किंवा चौकात गर्दी जमली असेल तर “कुणीतरी फोन करा” असं म्हणू नका. एकाकडं बोट करा : “ओ निळ्या शर्टवाले दादा, तुम्ही 108 लावा, आणि लागला की मला सांगा.”

पोलिसांच्या भीतीला जुना आधार आहे, ती खोटी नाही. 2007 साली दिल्लीत पीयूष तिवारी यांच्या नात्यातला शाळकरी मुलगा अपघातानंतर रस्त्यावर पडून राहिला आणि मदतीवाचून गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या सेव्हलाइफ फाउंडेशननं 2013 साली पाहणी केली, तेव्हा चारांतले जवळजवळ तिघं म्हणाले की आम्ही जखमीला हात लावणार नाही. मुख्य कारण पोलीस आणि कोर्ट. याच संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 ला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. वाहन अपघातातल्या जखमीला सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही, पैसे मागता येत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. हे कलम वाहन अपघातापुरतं आहे, एवढं ध्यानात असू द्या. उन्हानं पडलेल्या माणसासाठी फोन करणं हा मात्र कुठल्याच कायद्यानं गुन्हा नाही. आणि जखमी माणसाला आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच सांगून ठेवलं आहे.

रात्रीची गोष्ट वेगळी. निर्मनुष्य रस्त्यावर पडलेला माणूस हा लुटारूंचा डाव असू शकतो, ही शंका विशेषतः बाईमाणसाच्या मनात येणारच, आणि तिला मी भित्रेपणा म्हणणार नाही. चारचाकीत असाल तर काचा खाली न करता पुढं जा, उजेड असलेल्या पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर थांबा, आणि तिथून 112 लावा. पोलीस येतात, रुग्णवाहिकाही तिथूनच मागवता येते. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हा नंबरही चालतो. थांबता आलं नाही म्हणून फोनही केला नाही, असं तेवढं होऊ देऊ नका.

अडचणीतला अनोळखी माणूस दर वेळी आडवाच पडलेला असतो असंही नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या आठवडी बाजारात पोरं पळवणारे समजून डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. परक्या माणसाभोवती गर्दी जमून आवाज चढू लागला की हात उगारला जायची वाट न बघता, बाजूला होऊन 112 लावावा. शिकवणीसाठी लातूर-नांदेडला घर सोडून राहिलेली हजारो पोरं आहेत. एखादं पोरगं पुलाच्या कठड्याशी एकटंच रडत उभं दिसलं तर जवळ जाऊन बोला : “बाळा, कुठल्या गावचा तू? जेवलास का?” उपदेश नको. त्याच्याजवळ थांबा आणि दुसऱ्या कुणाकडून 112 ला फोन करवून घ्या. मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मोटारसायकलवाल्याला हे लागणारच : आपल्याच गाडीवर घालून न्यावं का? बेशुद्ध माणसाला दोघांच्या मध्ये बसवून नेणं खेड्यात सर्रास चालतं. त्यात मान पुढं पडून श्वास कोंडतो, आणि मानेला मार असेल तर कायमचं लुळेपण येऊ शकतं. अपघातात पडलेल्याला गाडी येईपर्यंत शक्यतो हलवू नये; रस्त्यावर वाहनांचा किंवा आगीचा धोका असेल तर गोष्ट निराळी. साप चावलेला, शुद्धीत असलेला, नीट बसता येणारा माणूस असेल तर मात्र वेळ घालवू नये. त्याला चालायला न लावता, मागं धरून बसणारा एक जण घेऊन जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. न्यावं की थांबावं अशी शंका आली तर 108 वरच विचारा : “आमच्याकडं गाडी आहे, निघू का थांबू? आणि प्रतिसर्पविष कोणत्या दवाखान्यात आहे?” निघालात तर रस्ता कोणता धरलाय तेही सांगून ठेवा, म्हणजे रुग्णवाहिका वाटेत गाठून त्याला ताब्यात घेऊ शकेल.