डी अँझा कॉलेजला जाणाऱ्या भाचीसाठी

पोरी, तुझ्या आईला अजून वाटतंय की थेट बर्कली नाही म्हणजे काहीतरी कमीच. तिला सांग, कॅलिफोर्नियात दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज आणि मग विद्यापीठ हा मळलेला रस्ता आहे. एवढंच की इथे मागे लागणारं कुणी नसतं. म्हणून मी लागते.

1. पहिल्या आठवड्यातच काउन्सेलर गाठ आणि दोन वर्षांचे विषय कागदावर लिहून घे — आराखडा मनात, तर युनिटं रानात.

2. प्रत्येक कोर्स घेण्याआधी ‘असिस्ट’च्या साइटवर बघ — तो कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदली धरतात ते तिथे कळतं. मैत्रिणीचं ‘चालतं गं’ तिथे चालत नाही.

3. डेव्हिस, सांताक्रूझ धरून यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, सहा कॅम्पस प्रवेशाची हमी देतात, पण तो अर्ज सप्टेंबरातच भरायचा — नेमके तेव्हाच बहुधा आपले गणपती, तेव्हा आधी अर्ज, मग आरती. बर्कली त्या सहांत नाही; हे आईला मी सांगेन.

4. कोर्स सोडायचा झाला तर आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचार — एफ-1वर 12 युनिटांच्या खाली घसरलीस तर प्रश्न मार्कांचा राहत नाही, व्हिसाचा होतो.

5. वर्गात भाषण करायचं असेल तेव्हा मुद्द्यांच्या कार्डांवर कोपऱ्यात आकडे घाल — ती हातातून पडतातच, आणि पडली की उलटसुलट होतात. उच्चार अमेरिकन करायच्या फंदात पडू नकोस, फक्त सावकाश बोल.

6. ‘ला व्होस’ या कॉलेजच्या पेपरात पहिल्याच वर्षी शीर — तो 1967पासून चालू आहे, तुझी वाट बघत थांबणार नाही. पुढे कुणाकडे काम मागायला गेलीस की मार्कांआधी छापून आलेलं विचारतात.

7. माणसाचं नाव त्याच्याच तोंडून, एकेक अक्षर करून लिहून घे. जॉनसुद्धा दोन तऱ्हांनी लिहितात — आपल्या आडनावांचे इथे काय हाल होतात ते बघशीलच, निदान तू दुसऱ्याचे करू नकोस.

8. मुलाखत रेकॉर्ड करण्याआधी समोरच्याला विचार, आणि त्याचा ‘हो’सुद्धा रेकॉर्डिंगमध्ये येऊ दे — खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय टिपणं या राज्यात गुन्हा आहे.

9. शूटिंगला निघताना बॅटरी दोन, कार्डं दोन, आणि कानाला हेडफोन. काम संपलं की सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड कर, लोक हसले तरी — एडिट करताना वाक्य कापलंस की मधे भोक पडतं. फ्रिजची घरघर, एसीचा आवाज असलेली तीच शांतता तिथे ठिगळासारखी बसते. चित्र हललेलं लोक सोसतात, आवाज फाटला की उठून जातात.

10. प्रोफेसरांच्या ऑफिस अवरला काम नसतानाही जा — शिफारसपत्र मागायच्या दिवशी पहिली ओळख नको.

11. मंडळातले काका-मावश्या ‘मुंजीचं शूटिंग करून दे’ म्हणतील आणि वर पाकीट पुढे करतील. पाकीट घ्यायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी — परवानगीशिवाय बाहेर कमावलेला एक डॉलरही एफ-1ला महागात पडतो. जेवून मात्र ये.