पोर गप्प का झालं?

कातकरी वाडीतलं पोरगं चौथीपर्यंत हसतखेळत शाळेत जातं. सातवी-आठवीत गेलं की गप्प होतं. नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही. सकाळी 'डोकं दुखतं' म्हणतं आणि दप्तर टाकून रानात जातं. आई म्हणते, 'बाहेरची बाधा झाली.' बाप म्हणतो, 'माजलंय.' मास्तर म्हणतात, 'लक्षच नाही त्याचं.'

मंडळी, खर्डीच्या आसपास अशी पोरं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना होतं काय?

बारा-पंधरा वर्षांचं वय नाजूक. या वयात पोर स्वतःकडे लोकांच्या नजरेने पाहू लागतं. वर्गात पेन हरवलं की आधी त्याचंच दप्तर तपासतात. त्याच्या बोलीला बाकीचे हसतात. ते बोलत नाही, पण मनात साठवतं.

हा संशय आजचा नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने कायदा करून काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवले. कातकऱ्यांवरही तो शिक्का बसला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. लोकांच्या तोंडून मात्र तो शिक्का अजून गेला नाही.

आणि फक्त बोलण्याचीच गोष्ट नाही. पुष्कळ घरांना स्वतःची जमीन नाही. दिवाळीनंतर आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाच्या आधी परततात. पोर बरोबर गेलं तर अभ्यास बुडतो. मग लोक म्हणतात, 'यांना डोकंच नसतं!' जमीन नाही, म्हणून भट्टी. भट्टी, म्हणून शाळा नाही. एवढं सगळं पोराला कुठून दिसणार? त्याला वाटतं, खोट माझ्यातच आहे.

डोकं नसतं, हे खरं का? उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत याची परीक्षा झाली. तिचा अहवाल २००४ साली निघाला. सहावी-सातवीची ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित मुले घेतली. वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. जात कुणाची सांगितली नाही, तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. मग सगळ्यांसमोर प्रत्येकाची जात पुकारली. लगेच दलित मुले मागे पडली. मुले तशीच, कोडीही तशीच. फक्त जात पुकारली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर साताऱ्याच्या शाळेत होते, तेव्हा त्यांना वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. परदेशात शिकून एवढे मोठे झाले, तरी ती तहान त्यांना आठवत होती. त्यांनी ती लिहून ठेवली.

तर गप्प पोराला मारू नका. जवळ बसवा, 'कोण काय बोललं?' असं विचारा. लगेच सांगणार नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. पोराला नावं ठेवली गेली असतील तर चार जण मिळून मास्तरांना भेटा. एकट्या बापाचं कोण ऐकतं! भगताकडे जायचं तर जा, पण दोन आठवडे झाले तरी झोप-भूक सुधारली नाही, तर सरकारी दवाखान्यात दाखवा.

पोर मरणाची भाषा बोललं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. १४४१६ या नंबरावर फोन करा. ही सरकारी सोय २०२२ साली सुरू झाली. फोन रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येतं.