जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट व पॉवर स्टिअरिंग : दोष कसा शोधावा

ट्रॅक्टरचें इंजिन बिघडलें म्हणजे त्याच्या आवाजावरून व धुरावरून शेतकऱ्यास तें बहुधा तत्काळ कळतें. लिफ्टचें तसें नाहीं. काल संध्याकाळपर्यंत नांगर उचलणारे बाहू आज सकाळीं निपचित पडून राहतात, बाहेरून कोठें कांहीं मोडलेलें दिसत नाहीं, आणि पेरणी तोंडावर आलेली असल्यामुळें मालक घाईनें मिस्त्रीस बोलावितो. मिस्त्री आसन काढून वरचें जड झाकण उचलतो, पंप बाहेर काढतो, आणि पुष्कळदां असें आढळतें कीं, पंपांत कांहींच दोष नव्हता. तेल तेवढें उणें होतें. दोन दिवस व मजुरी फुकट गेली, आणि उघड्या पेटींत शेतांतील धूळ मात्र शिरली. म्हणून झाकण उघडण्यापूर्वीं मालकानें स्वतः काय काय पाहावें, तें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणास आम्ही मॅसी फर्ग्युसन ३५ हा ट्रॅक्टर घेतों. १९६० सालीं मद्रास येथें स्थापन झालेल्या ट्रॅक्टर्स अँड फार्म इक्विपमेंट कंपनीनें याच घराण्याचे ट्रॅक्टर या देशांत केले, व त्यांतील ‘१०३५’ आपल्याकडील वाचकांच्या चांगलाच ओळखीचा आहे. या पद्धतीचें मूळ हॅरी फर्ग्युसन या आयरिश यंत्रज्ञाच्या कल्पनेंत आहे. जमीन नांगरास जो विरोध करिते, त्याच्याच जोरानें नांगराची खोली आपोआप राखली जावी, ही ती कल्पना. अवजाराचा रेटा टॉप लिंकमधून एका स्प्रिंगवर येतो. स्प्रिंग दबली कीं झडप हालते, आणि बाहू नांगरास किंचित् वर घेतात. पंप लहान व चार दट्ट्यांचा असून तो गिअरच्या पेटींतच तेलांत बुडालेला असतो. विशेष हें कीं, नियंत्रणाची झडप तेल शोषून घेण्याच्या बाजूस आहे. पंप फिरत असला तरी झडप उघडेपर्यंत त्यास तेल मिळत नाहीं. यामुळें ‘पंप फिरतो, पण लिफ्ट उठत नाहीं’ एवढ्यावरून पंप निकामी झाला असें ठरविणें उतावीळपणाचें होय.

पहिली परीक्षा तेलाची. गिअर, मागचा धुरा व लिफ्ट या सर्वांस एकच तेल पुरतें, व तें सुमारें ३० लिटर असतें. ट्रॅक्टर सपाट जागीं उभा करून, बाहू खालीं सोडून व इंजिन थांबवून मग मापपट्टी पाहावी. चढावर उभ्या ट्रॅक्टरची पट्टी खोटें बोलते. तेल उणें असेल तर पंप तेलाबरोबर वाराही ओढतो, आणि बाहू धक्के देत उठतात किंवा मुळींच उठत नाहींत. येथें ट्रॉलीची आठवण ठेवावी. उलटणाऱ्या ट्रॉलीचा सिलिंडर याच पेटींतील तेलावर चालतो. ट्रॉली उचललेली असतां बरेंच तेल बाहेर गेलेलें असतें, आणि ती सोडतांना नळींत अडकलें तर तें परत येत नाहीं. शिवाय एकच ट्रॉली चार जणांच्या ट्रॅक्टरांस जोडली जाते, तेव्हां एकाच्या पेटींतील घाण दुसऱ्याच्या पेटींत जाते. नळीचें तोंड स्वच्छ फडक्यानें पुसल्यावांचून जोडूं नये. आमच्या मतें लिफ्टचें आयुष्य या एका संवयीवर पुष्कळ अवलंबून आहे.

तेल किती आहे याइतकेंच तें कसें आहे हेंही पाहावें. पांढुरकें, ताकासारखें तेल म्हणजे त्यांत पाणी आहे. कोंकणांतील भाताच्या चिखलणींत मागचा धुरा पाण्यांत बुडतो व जुन्या सीलांतून पाणी आंत शिरतें. घाटावर उघड्यावर ठेविलेल्या ट्रॅक्टरच्या गिअरदांड्याच्या फाटक्या रबरांतून पावसाचें पाणी उतरतें. संशय असल्यास थोडें तेल कांचेच्या बाटलींत घालून रात्रभर स्थिर ठेवावें. पाणी तळाशीं बसेल. असें तेल गरम असतांनाच सोडावें, एकदां साधें तेल घालून कांहीं वेळ चालवून तेंही काढावें, आणि मग नवें भरावें. पाण्यानें झडपेस गंज चढतो व ती घट्ट बसते. जुन्या टी. ई. २० मध्यें उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची झडप अशी अडकणें ही नेहमींची गोष्ट आहे; ३५ मध्यें ती सतत थोडी हालती ठेवण्याची योजना केलेली असल्यामुळें हा दोष कमी, पण गंजापुढें तीही हतबल होते.

दुसरी परीक्षा दांड्यांची. ३५ मध्यें आसनाजवळ दोन दांडे आहेत, एक ओढीचा व दुसरा उंचीचा. ओढीचा दांडा खालीं राहिला असेल तर उंचीचा कितीही वर नेला तरी बाहू उठावयाचे नाहींत. नवा चालक हा घोटाळा हमखास करितो. टी. ई. २० चालविणाऱ्यानें पी. टी. ओ.चा दांडा पाहावा. तो सुटलेला असला तर पंपच फिरत नाहीं. क्लचचा पाय पुरा दाबलेला असतांनाही लिफ्ट उठत नाहीं. नांगर जमिनींत उड्या घेत असेल तर टॉप लिंकच्या स्प्रिंगला ढिलाई आहे काय, तें हातानें हालवून पाहावें. तेथें मुळींच खेळ असतां कामा नये.

हें सर्व ठीक असेल तरच आंतील दोषाचा विचार करावा, आणि तोही लक्षणांवरून. रिकामे बाहू उठतात पण अवजार उठत नाहीं, तर आधीं अवजाराचें वजन पाहावें. पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागें मोठा रोटाव्हेटर लावून लिफ्टला दोष देणें न्यायाचें नव्हे. वजन योग्य असूनही उठत नसेल तर पंप झिजला आहे, किंवा सुरक्षा-झडप वेळेपूर्वीं सुटते आहे. तेल थंड असतां चांगलें काम होतें व दुपारीं बंद पडतें, हें झिजेचें लक्षण. गरम तेल पातळ होऊन फटींतून निसटतें. बाहू ठराविक ठेक्यानें हिसके देत उठले तर चार दट्ट्यांपैकीं एखाद्याची झडप धरत नाहीं असें समजावें. वर धरलेलें अवजार इंजिन चालू असतां थोडें खालीं येऊन पुन्हां वर जातें, जणूं मान डोलावितें, आणि इंजिन थांबवितांच झरझर खालीं उतरतें, तर पंप दोषी नाहीं. सिलिंडरच्या दट्ट्याची रिंग किंवा वाटेवरील एखादें सील गळतें आहे. ही एवढी हकीकत मिस्त्रीस सांगितली तर त्याचें अर्धें काम होतें, व न लागणारा पंप तुमच्या माथीं मारला जात नाहीं.

परीक्षा करितांना दोन गोष्टी जिवावरच्या आहेत. उचललेल्या अवजाराखालीं केवळ लिफ्टच्या भरंवशावर कधींही जाऊं नये. खालीं भक्कम लाकडी ठोकळे द्यावे. दुसरी गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. या तेलाचा दाब चौरस इंचास दोन हजार पौंडांहून अधिक चढूं शकतो. नळीला पडलेल्या सुईच्या अग्राएवढ्या भोकांतून निघणारी धार डोळ्यास दिसतही नाहीं, पण ती कातडें भेदून मांसांत शिरते. गळती बोटानें चांचपूं नये. पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरून पाहावें. धार लागलीच तर जखम टिंबाएवढी व बिनदुखीची वाटली तरी घरगुती उपाय न करितां त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. विलंबानें बोट, प्रसंगीं हातही, गमवावा लागतो.

आतां पॉवर स्टिअरिंग. जुन्या ट्रॅक्टरांवर तें बहुधा मागाहून बसविलेलें असतें, व त्याचा पंप आणि तेलाची टाकी सामान्यतः वेगळी असते. स्टिअरिंग जड लागतें अशी तक्रार असेल तर प्रथम पुढील टायरांतील हवा व किंगपिनांचें ग्रीस पाहावें. पुढचा धुरा जॅकवर घेऊनही चाकें अडखळत वळत असतील तर दोष लोखंडांत आहे, तेलांत नाहीं. त्यानंतर टाकींतील तेल, गाळणी, आणि पंप पट्ट्यावर चालत असल्यास पट्ट्याचा ताण तपासावा. तेलास फेस येत असेल तर वारा शिरतो आहे. तो टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या नळीच्या सैल पट्टींतून शिरतो. त्या बाजूस ओढ असल्यामुळें तेल बाहेर ठिबकत नाहीं, म्हणून ती जागा सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पट्टी आवळून, धुरा जॅकवर ठेवून, इंजिन मंद चालवीत चाक दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू अनेक वेळां फिरवावें. वारा निघून जातो. मधून मधून टाकी भरीत जावी.

चाकें टोकास टेकल्यावरही हातांतील चाक थोड्या जोरानें फिरतच राहिलें, तर सिलिंडरचें सील किंवा स्टिअरिंगखालील झडपेचा भाग गळतो आहे. ही परीक्षा दोन-चार क्षणांतच आटोपावी, कारण त्या स्थितींत तेल फार तापतें. नळ्या काढून बसविल्यावर ट्रॅक्टर डावीकडे फिरवितांना उजवीकडे वळला, तर दोन नळ्यांची अदलाबदल झाली आहे. म्हणून जोडकाम झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या वावरांतच घ्यावी.

अशा बहुतेक स्टिअरिंगमध्यें हातांतील चाक व पुढचीं चाकें यांच्यामध्यें तेलावांचून दुसरा दुवा नसतो. इंजिन बंद पडलें किंवा पट्टा तुटला तर चाक फिरविण्यास दोन्ही हातांचा सर्व जोर लागतो, आणि तेल गेलें असेल तर तोही पुरत नाहीं. डिझेल वांचविण्यासाठीं भरलेली उंसाची ट्रॉली जोडून घाटउतारावर इंजिन बंद करणाऱ्या चालकास मालकानें ही गोष्ट ट्रॅक्टर जागेवर उभा असतां, इंजिन थांबवून, त्याच्याच हातानें चाक फिरवून दाखवावी.